रिजनरेटरला कुठल्या धातूची जाळी घालायची? पहिलं गरम हवेचं इंजिन करणाऱ्यांसाठी

तांब्याची जाळी घेऊ नका. पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा, कारण पहिलं स्टर्लिंग इंजिन, म्हणजे हेच गरम हवेचं इंजिन, करणारा जवळपास प्रत्येक जण तांब्याकडेच धावतो, मीही धावलो होतो. डोक्यात गणित सरळ असतं, रिजनरेटर म्हणजे उष्णता घेणारी आणि परत देणारी वस्तू, उष्णता सगळ्यात भारी वाहून नेतं तांबं, मग तांबंच घालू की. पुण्यात बोहरी आळीतून बारीक जाळी आणली, रात्री बसून चकत्या कापल्या, भरल्या, इंजिन फिरलं पण कसं, तर तापातून उठल्यासारखं, आणि थंड बाजू इतकी तापली की हात लावता येईना. चार-पाच वेळा चालवून उघडलं तर गरम बाजूच्या चकत्या काळ्याठिक्कर, बोटाने चोळलं की भुगा हातात.

तर झालं काय होतं ते आधी समजून घेऊ, मग धातू निवडणं सोपं जातं.

इंजिनातली हवा गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाताना मध्ये जाळीच्या गठ्ठ्यातून जाते, तिथे आपली उष्णता ठेवून जाते, आणि परत येताना तीच उचलून घेते. म्हणजे तेवढी उष्णता बर्नरला परत द्यावी लागत नाही. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८१६ साली इंजिनाचं पेटंट घेतलं तेव्हा या भागाला त्याने इकॉनॉमायझर म्हटलं होतं, बचत करणारा, आणि नाव अगदी बरोबर आहे. आता हे काम नीट व्हायचं तर गठ्ठ्याचं एक टोक कायम गरम आणि दुसरं कायम थंड राहिलं पाहिजे. उष्णता हवेतून तारेत पटकन शिरायला हवी, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धातूतून सरकायला नको. कढईत स्टीलचा झारा ठेवला तर दांडा बराच वेळ हातात धरता येतो, तोच झारा तांब्याचा असता तर दोन मिनिटांत फडकं शोधावं लागलं असतं. आपल्याला रिजनरेटरमध्ये झारा स्टीलचाच पाहिजे.

आणि तांबं नसलं तर उष्णता तारेत शिरायला वेळ लागेल ना, हा प्रश्न मलाही पडला होता. नाही लागत, कारण तार बारीक असते. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे १० हर्ट्झला, स्टेनलेसमध्ये एका फेऱ्यात उष्णता साधारण ०.३ ते ०.४ मिमी खोल शिरते, आणि आपली तार आहे ०.१ मिमीची. म्हणजे अख्खी तार आरपार कामाला लागते, त्यात तांबं घालून वेगळं काहीच मिळत नाही, तोटा तेवढा मिळतो.

पायरी १: गरम बाजू किती तापणार ते ठरवा

आधी हे, मग बाजार. स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं छोटं मॉडेल असेल तर गरम टोक साधारण ३०० ते ४५० डिग्रीत असतं, गॅसचा बर्नर चांगला लावला तर ५०० ते ६५० पर्यंत सहज जातं. गरम पाण्याच्या कपावर फिरणारी ती चपटी इंजिनं असतात त्यांना धातूची काळजीच नाही, तिथे स्पंजसुद्धा चालतो, तुम्ही त्यातलं करत असाल तर हा लेख सोडून द्या.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, नक्की घ्या, के टाइपचं साधं मल्टिमीटरसोबत येतं तेही चालेल, पण त्याच्या वायरीवरचं कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण किती डिग्रीचं आहे ते बघून घ्या, माझं एक वितळून इंजिनाला चिकटलेलं आहे अजून.

पायरी २: धातू निवडा

उष्णता वाहण्याचा आकडा बघायचा, एकक वॅट प्रति मीटर केल्व्हिन, पण एकक विसरा आणि नुसती तुलना करा. तांबं ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियम २०० च्या पुढे, पितळ १००-१२०, साधं लोखंड ५०, आणि ३०४ स्टेनलेस फक्त १६, तापल्यावर थोडं वाढून २० च्या घरात जातं. नायक्रोम, म्हणजे हीटरच्या तारेचा धातू, आणखी कमी, ११ ते १३. उष्णता साठवण्याची ताकद मात्र दर घनफळाला फार वेगळी नाही, तांबं, लोखंड, स्टेनलेस, निकेल सगळे साडेतीन ते चारच्या मध्ये, मेगाज्यूल प्रति घनमीटरमध्ये. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यात मागे पडतात, अडीचच्याही खाली. म्हणजे साठवायला बाकीचे सगळे सारखेच, फरक पडतो तो वाहण्यात आणि तापल्यावर टिकण्यात.

आता टिकण्याचं बघू.

२०० डिग्रीच्या आत काम असेल तर पितळ, फॉस्फर ब्राँझ काहीही घाला, चालून जाईल. त्याच्या वर तांब्याच्या घराण्यातलं काही नको. तांबं गरम हवेत काळं पडतं, तो थर मूळ धातूला धरून राहत नाही, तापणं-थंड होणं झालं की पापुद्रे सुटतात आणि ते पापुद्रे पिस्टनमध्ये जातात. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या कितीतरी आधीच ते मऊ पडतं, त्यामुळे नको. गॅल्व्हनाइज्ड जाळी, ती डासांची किंवा सशाच्या पिंजऱ्याची, अजिबात नको. जस्त ४२० डिग्रीला वितळतं, त्याचा धूर छातीत जायला नको, आणि वितळलेलं जस्त शेजारच्या स्टेनलेसला लागलं तर त्याला आतून चिरा पाडतं.

२०० ते ६०० डिग्री, म्हणजे तुमचं-आमचं बहुतेक सगळं, ३०४ स्टेनलेस. यात फार विचार करू नका. क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं म्हणून त्याला १८/८ पण म्हणतात, क्रोमियमचा ऑक्साइड पातळ आणि घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. ३१६ मिळालं तर घ्या, पण त्यातलं मोलिब्डेनम खाऱ्या पाण्यासाठी असतं, गरम हवेसाठी नाही, म्हणून जास्त पैसे देऊन मुद्दाम ३१६ घेण्यात अर्थ नाही. एल लावलेले ग्रेड, ३०४एल आणि ३१६एल, यांत कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत असतो. साधं ३०४ बराच काळ ४२५ ते ८५० डिग्रीत राहिलं की क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि कणांच्या कडा उघड्या पडतात, मग इंजिन बंद असताना आत ओल धरली तर तिथून गंज सुरू होतो. मॉडेल इंजिनला हे क्वचितच नडतं, पण वेल्डिंग करणार असाल तर एल बरं.

६०० च्या वर, तिथे मात्र पैसे मोजावे लागतात. ३१० स्टेनलेसमध्ये क्रोमियम २५ आणि निकेल २० टक्के, ते लाल तापलेल्या अवस्थेत चांगलं टिकतं. इन्कोनेल ६००, नायक्रोम हे निकेलचे धातू आहेत, तेही उत्तम, नायक्रोमची तार तर हीटर दुरुस्त करणाऱ्याकडे रिळावर मिळते, जाळी नाही मिळाली तर तीच बारीक तार गुंतवून भरता येते. त्याहून वर लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची मिश्रणं, कँथल वगैरे, त्यांच्यावर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, थर चढतो आणि तो फारच चिवट असतो, पण एकदा तापवल्यावर ही तार ठिसूळ होते, वाकवली की काडीसारखी मोडते. म्हणजे आधी आकार द्या, मग तापवा.

एक लक्षात घ्या, कंपन्यांच्या तक्त्यात ३०४ चा हवेतला आकडा ८७०-९२५ डिग्री दिलेला दिसेल, तो जाड पत्र्यासाठी आहे. पाच मिमीच्या पत्र्यावरून पाच मायक्रॉन गेले तर कोणाला कळतही नाही, ५० मायक्रॉनच्या तारेवरून दोन्हीकडून पाच-पाच गेले तर तार पाचव्या हिश्श्याने बारीक झाली. म्हणून तक्त्यातला आकडा बारीक तारेला लावू नका, बराच खाली धरा. नासाच्या अवकाशासाठीच्या स्टर्लिंग इंजिनांमध्येसुद्धा ३१६एलच्या बारीक तंतूंचे रिजनरेटर होते, आत हेलियम भरलेला, तरी उरल्यासुरल्या ऑक्सिजनने तंतू खाल्ले जाण्याची काळजी त्यांना करावी लागली. आपण तर सरळ हवाच भरतोय.

पायरी ३: बाजारात फसू नका

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, गुलालवाडी, पुण्यात बोहरी आळी, इथे जाळी मीटरवर मिळते. दुकानदाराला "शंभर मेश, तीनशे चार, तार शंभर मायक्रॉन" असं सांगायचं. मेश म्हणजे एका इंचात किती तारा, पण नुसत्या मेशवरून तार किती जाड ते कळत नाही, म्हणून मायक्रोमीटर खिशात घेऊन जा, एक तार सुटी करून मोजा, कोणी हसलं तर हसू दे.

फसवणूक होते ती २०२ मध्ये. २०० सिरीजमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, स्वस्त पडतं, दिसायला तसंच चकचकीत, आणि लोहचुंबकालाही चिकटत नाही. म्हणजे चुंबक लावला, चिकटला नाही, ३०४ आहे, हे चूक. उलटही होतं, खरी ३०४ ची तार बारीक ओढताना ती थोडी चुंबकीय होते, त्यामुळे किंचित ओढ जाणवली म्हणून चांगली जाळी परत करू नका. चुंबक फक्त एवढंच सांगतो की एकदम खटकन चिकटलं तर ते ४१० किंवा ४३०, म्हणजे स्टेनलेसचे चुंबकाला चिकटणारे ग्रेड, असणार. एका दुकानातून मी ३०४ म्हणून आणलेली जाळी गॅसवर दोन दिवस चालवल्यावर खरबरीत काळी झाली, तेव्हा भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या एक्सआरएफ गनखाली, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या यंत्राखाली, धरली तर निकेल नावालाच निघालं. आता मी रासायनिक थेंबांचं टेस्टिंग किट ठेवतो, स्क्रॅपवाले वापरतात तेच, मँगनीज जास्त असेल तर थेंबाचा रंग बदलतो, मिनिटाचं काम आहे.

घरातलं काय चालेल हेही विचारतात लोक. भांडी घासायचा स्टील स्क्रबर, ती चपट्या तारेची गुंडी, बहुतेक वेळा चुंबकाला चिकटते म्हणजे फेरिटिक, चुंबकीय जातीचं स्टील असतं, शिकण्यापुरतं ४००-४५० पर्यंत चालतं, पहिल्या इंजिनाला वाईट नाही. चहाची जुनी गाळणी पण चालेल, पण दोन गाळण्यांत दहा चकत्या निघतील, पुरणार कुठे. लाकूड घासायची बारीक स्टील वूल मात्र नको, ती साध्या लोखंडाची असते, तिचे तुकडे सुटतात आणि ती चक्क पेटते, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली तरी. दाबाखालची गरम हवा, त्यात पिस्टनचं तेल उडालेलं, त्यात स्टील वूल, हे बाँबचं साहित्य आहे, गंमत नाही.

पायरी ४: हिशोब करा, आणि जाळीपेक्षा नळी जास्त खाते हे बघा

हा भाग सगळे टाळतात आणि इंजिन इथेच मरतं.

समजा तुमच्या रिजनरेटरची जागा ३० मिमी व्यासाची, ३० मिमी लांब आहे. घनफळ २१ घन सेंमी. १०० मेशची ०.१ मिमी तारेची जाळी रचली की त्यात धातू साधारण ३१ टक्के आणि पोकळी ६९ टक्के होते. सूत्र सोपं आहे, दर मिमीला तारा गुणिले तारेचा व्यास गुणिले ०.७८५ केलं की धातूचा हिस्सा येतो, १०० मेशला दर मिमीला ३.९४ तारा. एका चकतीची जाडी तारेच्या दुप्पट धरली, ०.२ मिमी, म्हणजे १५० चकत्या लागतील. वजन साधारण ५२ ग्रॅम, एक डिग्री तापवायला २६ ज्यूल. आता साध्या वातावरणाच्या दाबाला ६० घन सेंमी गरम हवा त्यातून जाते असं धरा, तिचं वजन ग्रॅमच्या पाच टक्केही भरत नाही, तिला एक डिग्रीला ०.०४ ज्यूल. म्हणजे जाळीची साठवण हवेच्या सहाशे पट! त्यामुळे "जास्त उष्णता साठवणारा धातू कुठला" हा प्रश्न छोट्या इंजिनात फुकटचा आहे. दाब दहापट केला तरी साठपट उरते.

खरा खर्च वेगळाच आहे. एक म्हणजे पोकळी, १४-१५ घन सेंमी मेलेली जागा, जिथली हवा काही काम करत नाही, ६० घन सेंमीच्या इंजिनात हे खूप झालं, म्हणून रिजनरेटर उगाच मोठा करू नका. आणि दुसरा, ज्याकडे कोणी बघत नाही, तो म्हणजे ही जाळी ज्या नळीत बसवता तिची भिंत. जाळीला जाळी फक्त ठिकठिकाणी टेकलेली असते, त्यामुळे लांबीच्या दिशेने उष्णता रखडत जाते. नळी मात्र अखंड आहे. एका टोकाला दुसऱ्यापेक्षा ४०० डिग्री जास्त, लांबी ३० मिमी, भिंत १ मिमी धरून हिशोब मांडा. तांब्याची नळी असेल तर ५०० वॅट सरळ गरमकडून थंडकडे वाहून जातील. साध्या लोखंडाची असेल तर ६० च्या आसपास. स्टेनलेसची असेल तर २३. आणि स्टेनलेसचीच पण ०.३ मिमी भिंतीची, तर ७. तुमचं इंजिन शाफ्टवर दहा वॅट दिलं तर पेढे वाटाल, आणि नळीतून पाचशे वॅट गळतायत. जाळी ३०४ ची घेतली, तांब्याच्या प्लंबिंगच्या पाइपात भरली आणि मग विचारतात चालत का नाही.

त्यामुळे जाळी जेमतेम बरी असली तरी चालेल, नळी मात्र स्टेनलेसची आणि पातळ घ्या. मी पहिली चांगली नळी मिसळणाच्या डब्यातल्या वाटीची केली होती, बाजू उभ्या सरळ असतात, पत्रा पातळ असतो, तळ कापला की झालं, आई आठ दिवस बोलत नव्हती तो भाग वेगळा. फक्त दाब भरणार असाल तर पातळ पत्र्याचा नाद सोडा किंवा पातळ नळी आत अस्तरासारखी ठेवून बाहेर दाब सोसणारी वेगळी भिंत करा. दाबाच्या भांड्यात अंदाज चालत नाही, तिथे कोणा जाणत्या माणसाकडून हिशोब तपासून घ्या.

इतिहासात पण गरम बाजूचा धातूच आडवा आला होता. स्टर्लिंग बंधूंचं मोठं इंजिन १८४३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या फाउंड्रीत बसवलं, ते चांगलं चाललं, पण गरम टोकाची बिडाची भांडी वारंवार जायची, शेवटी तिथे परत वाफेचं इंजिन आलं. रॉबर्ट स्टर्लिंगने अगदी म्हातारपणी, १८७६ मध्ये, लिहिलं होतं की बेसेमरच्या पद्धतीने केलेलं लोखंड-पोलाद पस्तीस-चाळीस वर्षं आधी मिळालं असतं तर हवेचं इंजिन यशस्वी झालं असतं. आणि आपण वाटीचा तळ कापून त्याच्यापेक्षा चांगलं मटेरियल वापरतोय.

पायरी ५: कापा, धुवा, भरा

पंच आणि डाय कुठल्याही टर्नरकडून करून घ्या, चकती नळीपेक्षा केसभर मोठी ठेवा, कारण कडेला फट राहिली की हवा जाळीतून न जाता फटीतूनच पळते, तिला कष्ट कशाला हवेत. पंच नसेल तर वॉशर कापायचा हॉलो पंच घेऊन नायलॉनच्या ठोकळ्यावर हातोडीने मारा, १५० चकत्यांना दोन संध्याकाळी जातात, खांदा दुखतो.

कापलेल्या प्रत्येक चकतीच्या कडेला तारेचे तुकडे लोंबत असतात. हे तुकडे इंजिन चालू झाल्यावर सुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पाडतात. म्हणून चकती बोटांनी कडेकडेने चोळा, हातमोजे घाला, नाहीतर तार नखाखाली जाते आणि दोन दिवस सापडत नाही. मग रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर थिनरमध्ये बुडवून हलवा, नंतर ॲसिटोन, उघड्या हवेत, शेगडी लांब ठेवून. जाळी विणताना लावलेलं तेल राहिलं तर पहिल्याच दिवशी त्याची काजळी होऊन अर्धी भोकं बुजतात.

भरताना प्रत्येक चकती थोडी फिरवून टाका, विणीची दिशा जुळू देऊ नका. दाबून-दाबून भरू नका, बोटाने बसेल तेवढंच, तारा चेपल्या की वाट अरुंद होते आणि इंजिनाची सगळी ताकद हवा ढकलण्यातच जाते. भरून झालं की वजन करा. नळीचं वजन वजा करून जे ग्रॅम येतील त्याला ७.९ ने भागा, म्हणजे धातूचं घनफळ आलं, त्याला जागेच्या घनफळाने भागा. ०.३ च्या जवळ आलं तर उत्तम, ०.४ च्या वर गेलं तर दहा-वीस चकत्या काढा. शेवटी नळी तोंडाला लावून फुंकर मारा, सहज गेली पाहिजे, गाल फुगत असतील तर गठ्ठा घट्ट झालाय. २०० मेश, ०.०५ मिमी तार घेतली तर धातूचा हिस्सा तेवढाच राहतो पण भोकं निम्मी होतात, ती दाबाच्या किंवा वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला, पहिल्याला नको.

पायरी ६: दहा तास चालवा आणि उघडून रंग वाचा

ही सगळ्यात मजेची पायरी. स्टेनलेस हवेत तापलं की रंग धरतं, आणि रंगावरून तापमान कळतं. साधारण ३०० ला फिकट पिवळा, ३४० ला गवती पिवळा, ३९० ला तपकिरी, ४५० ला जांभळा, ५४० ला निळा, ६०० ला गडद निळा. जास्त तास चालवलं तर रंग थोड्या कमी तापमानालाच चढतो, म्हणून हे तंतोतंत धरू नका, पण चकत्या क्रमाने काढून फरशीवर ओळीने मांडल्या की अख्खा उतार डोळ्यांना दिसतो.

माझ्या आत्ताच्या इंजिनात पहिल्या वीसेक चकत्या निळ्या, मग जांभळ्या, तपकिरी, पिवळ्या, आणि साधारण ऐंशीव्या चकतीपासून पुढे सगळ्या कोऱ्या पांढऱ्या, दुकानातून आणल्यासारख्या. असं दिसलं तर धातू आणि लांबी दोन्ही बरोबर. पिवळेपणा शेवटच्या चकतीपर्यंत आला असेल तर धातू बदलू नका, आधी नळीची भिंत मोजा आणि चकत्यांच्या कडेची फट बघा. एकाच बाजूला रंग लांबवर गेलाय आणि दुसरीकडे नाही, तर हवा त्या बाजूने वाट काढतेय, गठ्ठा तिरका बसलाय. निळ्याच्याही पुढे जाऊन काळपट आणि खरबरीत झालेल्या चकत्या दिसल्या, बोटाला पूड लागली, तर तेवढ्याच पहिल्या वीस-तीस ३१० च्या किंवा नायक्रोमच्या टाका, बाकीचा गठ्ठा ३०४ चा आहे तसाच राहू दे. आणि काढताना चकत्यांना मार्करने नंबर घाला, मी पहिल्यांदा नाही घातले आणि दीडशे चकत्या हातातून फरशीवर सांडल्या.